थिओफिलिनचा धडा

१९ डिसेंबर १९९७, शुक्रवार

आज संध्याकाळी गायत्री आली. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या विज्ञानाच्या तासाला ती पहिल्या बाकावर असायची, कारण मी तिला तिथे बसवत असे. इथे सुरतेतच, लिंबायतमध्ये राहतात. वडिलांचं नाव दगा, कापडाच्या लूमच्या खात्यात कामाला आहेत. आई शोभाबाई घरी साड्यांना टिकल्या लावते. पोरगी नर्सिंग शिकली, इस्पितळात लागली. पण कौन्सिलच्या परीक्षेत औषधांच्या पेपरात नापास झाली. ती परीक्षा पास झाल्याशिवाय नाव नोंदलं जात नाही. मेट्रनने बजावलं आहे की फेब्रुवारीतही हेच झालं तर टोपी काढायची आणि आयांमध्ये जायचं.

"बाई, श्वासाच्या औषधांचं काही डोक्यात राहत नाही. सगळी नावं सारखीच वाटतात."

"सारखी वाटतात कारण तू वाचत नाहीस, पुटपुटतेस," मी म्हटलं.

मी बी.एस्सी. झाले त्याला छत्तीस वर्षं झाली. विषय रसायन. औषध म्हणजे काही निराळं आभाळ नाही. पुस्तक ठेवून जा म्हटलं, मंगळवार आणि शुक्रवार ये.

हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी ओळख करून दिली, ही गायत्री, माझी विद्यार्थिनी. दोघांनी एकमेकांना जरा जास्तच वाकून नमस्कार केला. ती गेल्यावर हे म्हणाले, "ही येणार आहे इथे? दर आठवड्याला?"

म्हटलं, "तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला कसला त्रास."

२६ डिसेंबर

धडा दोनदा वाचला. मांडणी भोंगळ आहे, पण आशय सोपा. काही औषधं आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतात, काही आतली सूज उतरवतात. पहिल्या गटात सालब्युटामॉल, थिओफिलिन. दुसऱ्यात बेक्लोमेथासोन वगैरे. एवढं पक्कं केलं की बाकी पाठांतर. गायत्रीला तेच सांगितलं. तिची बुद्धी बरी आहे, इंग्रजीची भीती आहे.

तिने विचारलं, "बाई, तुम्ही दम्याचा पेशंट घरी बघितला आहे का?"

बघितला आहे म्हणजे! सासूबाईंना मी सात वर्षं सांभाळलं. भिंतीवर तक्ता लावला होता. दही बंद, केळं बंद, भजनी मंडळ बंद, धुरामुळे चुलीवरची भाकरी बंद, पाहुण्यांना फक्त रविवारी दार उघडं. एकदा शेजारून चोरून ताक आणवलं तर तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पुन्हा आणवलं नाही. डॉक्टर म्हणायचे, असं शिस्तीचं घर दुसरं नाही.

मी हे सांगत असताना हे उठून आत गेले. आईची आठवण आली असणार.

१ जानेवारी १९९८

ह्यांची सिगारेट सुटली! तीस वर्षं मी सांगत होते. काल पाकीट खिशातून काढून घेतलं, शेजारच्या सरलाबाईंना साक्षीला बोलावलं आणि त्यांच्यासमोर ह्यांच्याच हातांनी मोरीत भिजवायला लावलं. हे हसले, म्हणाले, "सुलभा, बँकेत तिजोरी उघडायलासुद्धा एवढे साक्षीदार लागत नव्हते." पण भिजवलं. माणूस मनात आणील तर सगळं होतं. फक्त कोणीतरी मनात आणायला लावावं लागतं.

६ जानेवारी

आज थिओफिलिन. मुद्दा मुद्दा करून शिकवलं. शिकवण्याआधी गायत्रीला सिगारेटची बातमी सांगितली. काकांचं अभिनंदन कर म्हटलं. ती "हो?" एवढंच म्हणाली आणि पुस्तकाची पानं उलटू लागली. या मुलांना दुसऱ्याच्या घरातल्या चांगल्या गोष्टीचं कौतुक नसतं.

मग म्हणते, "बाई, तो सिगारेटचा मुद्दा आधी घ्या ना."

"क्रमाने येईल."

"आधीच घ्या."

मुद्दा असा: धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात थिओफिलिन लवकर संपतं, म्हणून त्याला डोस जास्त लागतो. त्याने सिगारेट सोडली की तोच डोस साचायला लागतो. विषासारखा चढतो. डोस कमी करावा लागतो.

"बाई, जरा मोठ्याने सांगा. बाहेर रिक्षांचा आवाज येतोय."

मोठ्याने सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी चिडले, बहिरी आहेस का म्हटलं. व्हरांड्यात ह्यांचा रेडिओ चालू होता, तोही मी उठून बंद केला. ती जाताना ह्यांच्याशी फाटकापाशी काहीतरी बोलली. हे मान हलवत होते. अभिनंदन केलं असेल उशिरा का होईना.

१४ जानेवारी, उत्तरायण

सगळी कॉलनी गच्चीवर. दरवर्षी फिरकी धरायला मी आणि पतंग उडवायला हे, असा आमचा कारभार. या वर्षी हे वर आलेच नाहीत. "मान दुखते," म्हणाले. खाली खुर्चीत बसून राहिले. उंधियुं समोर ठेवलं तर वासानेच तोंड फिरवलं. चहाचा कप तोंडापाशी नेताना अर्धा धोतरावर सांडला. म्हटलं, "लक्ष कुठे आहे?" सिगारेट सोडल्यावर काही दिवस माणूस असा चिडचिडा होतो असं मी वाचलं आहे. निघून जाईल.

रात्री झोपही नीट नाही म्हणतात. दुपारी डुलक्या काढल्यावर कशी येणार?

१६ जानेवारी

गायत्रीची तोंडी घेतली. विचारलं, थिओफिलिन प्रमाणाबाहेर गेलं तर पेशंटमध्ये काय काय दिसेल?

धडाधड सुरुवात केली. "मळमळ. जेवणावरची वासना जाणं. उलटी. हात थरथरणं. झोप न येणं. नाडी..." आणि थांबली. व्हरांड्याच्या दाराकडे बघत राहिली.

"नाडी काय?"

"नाडी जलद होते, बाई."

"आणि पुढे?"

"पुढे..." डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रडून मार्क मिळत नाहीत. पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात, तातडीने इस्पितळ. दहा वेळा लिहून आण. पाठांतर अजून कच्चं आहे.

ती विचारते, "बाई, आईच्या गळ्याची शपथ मोडली तर खरंच काही होतं का हो?" विज्ञानाच्या बाईंना हा प्रश्न! म्हटलं, काही होत नाही, पण शपथ घेतली असेल तर पाळावी, नाहीतर घेऊ नये. अभ्यासात लक्ष घाल.

२२ जानेवारी

आज लिहायला बसले आहे ते राग कुठेतरी ठेवायला हवा म्हणून.

काल दुपारी जेवणानंतर ह्यांना उलटी झाली, मग पुन्हा, मग पुन्हा. हात असे हलत होते की गळ्याची गुंडी सोडवता येईना. नाडी धरली, मोजता येण्यापलीकडे पळत होती. मगन रिक्षावाल्याला हाक मारली आणि जवळच्या इस्पितळात नेलं. ते गायत्रीचंच इस्पितळ निघालं. म्हटलं बरं झालं, ओळखीचं माणूस भेटेल.

डॉक्टर तरुण, गुजराती. हातात कुठलासा जुना केसपेपर घेऊन विचारलं, "थिओफिलिन केटला वखतथी ले छे?" केव्हापासून घेतात म्हणून.

मी ठणकावून सांगितलं, "हे कसलंही औषध घेत नाहीत. आमच्या घरात मला विचारल्याशिवाय साधी डोकेदुखीची गोळी घेतली जात नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते. ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पलंगाची चादर बदलायला उषाबाई नावाची आया आली. हसत म्हणाली, "काय काका, आज पलंगावरच? आणि आज गायत्री सिस्टर नाही का बरोबर?"

उषाबाईने माझ्याकडे बघितलं आणि चादर तशीच घेऊन गेली.

"एमणे सिगारेट क्यारे छोडी?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी, मी म्हटलं. आणि म्हणतानाच मला कळलं. मी स्वतः तीन वेळा, मोठ्याने, रेडिओ बंद करून शिकवलं होतं.

२३ जानेवारी

धोका टळला आहे. ठोके जागेवर आले. थिओफिलिन बंद, आता तोंडाने ओढायचे दोन पंप दिले आहेत.

ह्यांना दीड वर्षापासून दमा आहे. दीड वर्ष! छातीच्या डॉक्टरांच्या रांगेत गायत्रीने ह्यांना बघितलं. ह्यांनी तिला तिच्या आईची शपथ घातली, बाईंना सांगायचं नाही. तेव्हापासून गोळ्या तीच आणून द्यायची, आधी बाहेर कुठेतरी, मग फाटकापाशी, पेपराच्या घडीत. मी तिला इथे शिकवायला बसवलं आणि तो कारभार माझ्याच दारात आला.

विचारलं, "का? एवढं तरी सांगा."

ह्यांनी चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "आईचा तक्ता अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, सुलभा. मला तुझ्या वर्गात नाव घालायचं नव्हतं. मला ताक प्यायचं होतं."

ताक! मरता मरता वाचले आणि ताकाबद्दल बोलतात. यात कसलं कारण आहे? सासूबाई माझ्यामुळे सात वर्षं जगल्या.

२५ जानेवारी

मंदारचा पुण्याहून फोन. मी पहिलं वाक्य बोलायच्या आत म्हणतो, "आई, बाबांनी सांगू नको म्हटलं होतं."

म्हणजे मुलालाही माहीत. फोन ठेवला.

मी रोज या माणसाच्या ताटात वाढत होते, अंथरूण घालत होते, शर्टाच्या गुंड्या लावत होते. बाहेरची आया सिस्टरचं नाव घेऊन ह्यांना ओळखते. मी ओळखत नाही.

२७ जानेवारी

गायत्री आली. दारातच उभी केली.

"बाई, मी सांगायचा प्रयत्न केला होता."

"कधी?"

"ते मोठ्याने सांगा म्हटलं तेव्हा. काकांना ऐकू जावं म्हणून. गेटवर पण सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. काका म्हणाले, उत्तरायण होऊ दे. तोंडाने तुम्हाला सांगता येत नव्हतं, आईची शपथ होती."

"तुझ्या आईचा जीव राहावा म्हणून तू माझ्या नवऱ्याचा पणाला लावलास."

"पेशंटची गोष्ट घरच्यांनाही सांगायची नसते, बाई. पुस्तकात..."

"पुस्तक मला दाखवू नकोस. पुस्तक मी तुला शिकवलं आहे. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

तिने चपला घातल्या. तिचं पुस्तक माझ्या टेबलावर राहिलं. मी हाक मारली नाही.

३ फेब्रुवारी

शोभाबाई आली. पदर डोक्यावर, दाराबाहेर पायरीवरच बसली. आत ये म्हटलं नाही तरी आपल्या अहिराणीत म्हणाली, "बाई, मनी पोरनं चुकनं. पन तिले मनी आन घालेल व्हती. आन मोडती ते मी मरी जासू, असं तिले वाटनं. तुमी शिकाडं, आते अर्ध्या वाटवर नका सोडू."

म्हटलं, "शोभाबाई, तुमचं ठीक. तुम्ही जिवंत आहात."

ती उठली. जाता जाता ह्यांना म्हणाली, "दादा, आते बरं शे ना?" ह्यांनी मान हलवली. सगळ्या सुरतेला ह्यांची चौकशी करता येते.

परीक्षा पंचवीस तारखेला आहे. ते माझ्या लक्षात आहे एवढंच. माझा काही संबंध नाही.

६ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात कणीक मळत होते. व्हरांड्यात बोलण्याचा आवाज. खिडकीतून बघितलं तर गायत्री खाली चटईवर आणि हे खुर्चीत, हातात ते पुस्तक. माझ्या टेबलावरून उचललेलं.

मी बाहेर जाऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

हे म्हणाले, "तू घरात पाय ठेवू नको म्हणालीस. व्हरांडा म्हणजे घर नव्हे."

मी आत आले. दार लावून घेतलं. लोक माझ्या पाठीमागे करत होते ते आता माझ्या खिडकीसमोर करतात, एवढाच फरक.

बँकेतला माणूस औषधं शिकवतोय. पोरीचं भलं होणार!

१० फेब्रुवारी

आज पुन्हा. मी मुद्दाम भांड्यांचा आवाज केला. तरी ऐकू येतंच. खिडकीला पडदा आहे, भिंत नाही.

हे मोठ्याने शिकवत होते. "पेशंटला दोन पंप दिले आहेत. एक सुजेचा, एक नळ्या सैल करायचा. तर आधी सुजेचा घ्यायचा आणि लगेच वर दुसरा."

मी ऐकून घेतलं. पोरगी लिहून घेत होती. लिहून घेत होती! परीक्षेत हेच लिहील. शेवटी राहवलं नाही. खिडकीतूनच म्हटलं, "आधी सालब्युटामॉल! नळ्या उघडल्या तर दुसरं आत जाईल ना? मध्ये पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा!"

मग गायत्रीचा आवाज, "आधी सालब्युटामॉल, पाच मिनिटं थांबून बेक्लोमेथासोन." बरोबर होतं.

मला आश्चर्य वाटतं. हे स्वतः रोज सकाळी पंप बरोबर क्रमानेच घेतात, मी बघते ना. शिकवताना कसं चुकलं कोण जाणे. वय झालं.

१३ फेब्रुवारी

आज म्हणतात, सुजेचा पंप घेतल्यावर तासभर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही.

"चूळ भरायची!" मी आतून म्हटलं. "नाहीतर तोंडात बुरशी येते. गायत्री, कारणासकट लिही."

मग म्हणाले, अमिनोफायलिन, म्हणजे थिओफिलिनचंच इंजेक्शन, शिरेतून भराभर सोडायचं म्हणजे लवकर गुण येतो. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. "माणूस मारायचाय का? सावकाश! सलाईनमध्ये, सावकाश! आणि नाडीवर बोट ठेवून!"

ह्यांना जवळपास काहीच येत नाही. मी नसते तर ही पोरगी नक्की नापास होती. मी अजूनही तिच्याशी बोलत नाही. पडद्याशी बोलते.

२० फेब्रुवारी

आता तर हे चुका करायच्या आधी जरा थांबतात आणि खिडकीकडे बघतात. मी पोळ्या सकाळीच उरकून ठेवते, म्हणजे दुपारी मध्ये हात अडकत नाही.

२४ फेब्रुवारी

गायत्री आज रात्रीच्या गाडीने अहमदाबादला जाणार. दुपारी शेवटची उजळणी झाली. जाताना खिडकीजवळ आली. पडद्यातून तिची नुसती आकृती दिसत होती.

"बाई, येते."

मी गॅस बारीक केला. म्हटलं, "प्रश्न आधी पूर्ण वाच. मग पेन उचल."

"हो, बाई."

बास. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही, आणि तिनेही तसं समजू नये.

१८ एप्रिल

गायत्री पास. औषधांच्या पेपरात केंद्रात दुसरी.

शोभाबाईला घेऊन आली, घारीचा डबा घेऊन. नव्या टोपीला इस्त्री केलेली होती, पिशवीतून काढून दाखवली. माझ्या पाया पडायला वाकली. या वेळी दोघी आत, दिवाणखान्यात होत्या. शोभाबाईलाच पायरीवर बसायची सवय, तिला ओढून खुर्चीवर बसवली.

मी पाय मागे घेतले. "नमस्कार त्यांना कर. शेवटी शिकवलं त्यांनी."

"मी?" हे म्हणाले. "मी एक तरी उत्तर बरोबर दिलं का? रोज चार चुकीची उत्तरं तयार ठेवायची म्हणजे काय मेहनत असते, सुलभा! आदल्या रात्री पुस्तक वाचायला लागायचं."

शोभाबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली. गायत्रीही हसली, आणि माझ्याकडे बघून थांबली.

शोभाबाईलाही माहीत होतं. लिंबायतपर्यंत माहीत होतं.

मी घारी ताटलीत काढून सगळ्यांना दिली. गायत्रीच्या पाठीवर हात ठेवला. ती पास झाली ती अभ्यास करून झाली, त्यात खोट नाही. त्या दोघी गेल्यावर हे म्हणाले, "त्याशिवाय तू बोलली नसतीस."

खरं आहे. नसते बोलले. पण बोलायचं की नाही हे मला ठरवायचं होतं. पहिल्या वेळी मला भिऊन फसवलं, दुसऱ्या वेळी माझ्यासाठी फसवलं, असं ह्यांचं म्हणणं. दोन्ही वेळा मीच बाहेर होते.

मी समोर उभी राहिले. विचारलं, "अजून काय काय मला माहीत नाही?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचा पंप उचलला, हलवला, तोंडाला लावला आणि ओढला. पंप घेतल्यावर दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा असतो. तेवढा वेळ पेशंटला बोलता येत नाही. मी मोजले. दहा झाले. त्यांनी श्वास सोडला, खिडकीबाहेर बघितलं.

मी पुढे मोजत राहिले.